पहिला तास झकास, मग क्रॉलर मंदावतो आणि मेमरी संपते: नेमकं कुठे अडतंय?

लक्षण ओळखीचं आहे. क्रॉलर (वेबवरची पानं आपोआप गोळा करणारा प्रोग्राम) सुरू केला की पहिला तासभर मिनिटाला पाच-सहाशे पानं येतात. मग आकडा अडीचशेवर येतो, मग साठ-सत्तरवर. रॅम मात्र चढत राहते आणि रात्री केव्हातरी प्रोसेस गायब होते. डॉकरमध्ये असेल तर एक्झिट कोड १३७ दिसतो, साध्या सर्व्हरवर कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी'ची ओळ. रीस्टार्ट केला की पुन्हा झकास. मग कुणीतरी क्रॉनमध्ये दर सहा तासांनी रीस्टार्ट लावतं, कुणी कॉन्करन्सी (एकावेळी चालू ठेवायच्या रिक्वेस्टची संख्या) १६ वरून ६४ करतं, कुणी ४ जीबीचं मशीन ८ जीबीचं करतं. तिन्ही उपायांनी प्रॉब्लेम फक्त पुढे ढकलला जातो. कॉन्करन्सी वाढवणं तर बहुतेक वेळा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खालचं सगळं लिनक्सवर चालणाऱ्या पायथन क्रॉलरबद्दल आहे, त्यातही मुख्यतः स्क्रेपी या क्रॉलिंग फ्रेमवर्कबद्दल. हाताने लिहिलेला एआयओएचटीटीपी किंवा रिक्वेस्ट्स या लायब्ररींवरचा क्रॉलर असेल तर जिथे फरक पडतो तिथे तसं म्हटलं आहे. मशीन २ कोअर, ४ जीबीचं धरलं आहे.

आधी मोजा, मग सेटिंगला हात लावा

वेगाचा हिशेब पाटीवर मांडता येतो: सेकंदाला येणारी पानं म्हणजे एकावेळी चालू असलेल्या रिक्वेस्ट भागिले एका रिक्वेस्टला लागणारा वेळ. स्क्रेपीत एकूण मर्यादा १६ आणि एका डोमेनला ८, या मूळ किमती आहेत. (नव्या आवृत्तीत प्रोजेक्ट तयार केला असेल तर सेटिंग फाइलमध्ये डोमेनला १ आणि मध्ये १ सेकंदाची विश्रांती असं आधीच लिहिलेलं असू शकतं. ती फाइल उघडून बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.) एकच साइट, पान यायला ०.८ सेकंद, तर ८ ÷ ०.८ = सेकंदाला १० पानं, मिनिटाला ६००. लॉगमध्ये दर मिनिटाला येणाऱ्या ओळीत ६०० च्या आसपासचा आकडा असेल तर क्रॉलर निरोगी आहे. तो मंद वाटतो कारण मर्यादाच तेवढी आहे. हिशेबापेक्षा आकडा बराच कमी असेल तरच पुढे वाचा.

आता तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, त्या प्रोसेसचा सीपीयू. स्क्रेपीचा रिअ‍ॅक्टर (सगळी कामं फिरवणारा मुख्य लूप) एकाच थ्रेडवर चालतो. त्यामुळे दोन कोअरच्या मशीनवर एकूण सीपीयू ५०% दिसला आणि 'अजून निम्मा शिल्लक आहे' असं वाटलं, तरी क्रॉलरचा कोअर पूर्ण भरलेला असू शकतो. 'टॉप'मध्ये प्रोसेसची ओळ बघा, वरची बेरीज नको.

दुसरी, प्रोसेसची प्रत्यक्ष मेमरी, दर हजार पानांमागे नोंदवलेली. आलेख सरळ रेषेत चढतो, की सुरुवातीला चढून सपाट होतो, की एखाद्या क्षणी पायरीसारखा उडी मारतो? सरळ चढ म्हणजे काहीतरी साठतंय. उडी म्हणजे एखादं अवाढव्य पान किंवा फाइल आली.

तिसरी, स्क्रेपीचं टेलनेट कन्सोल, म्हणजे चालू क्रॉलरच्या आत डोकावायची खिडकी. पोर्ट ६०२३, पासवर्ड दर वेळी सुरुवातीच्या लॉगमध्ये छापला जातो. आत जाऊन 'ईएसटी' हे फंक्शन चालवलं की इंजिनाची सद्यस्थिती मिळते. त्यातले तीन-चारच आकडे कामाचे आहेत. डाउनलोडरमधल्या चालू रिक्वेस्ट मर्यादेला टेकलेल्या आणि सीपीयू रिकामा, तर क्रॉलर नेटवर्कची किंवा साइटची वाट बघतोय. डाउनलोडर रिकामा, शेड्युलरमध्ये (रिक्वेस्टच्या रांगेत) हजारो रिक्वेस्ट पडून आणि 'नीड्स बॅकआउट' खरं दाखवतंय, तर पानं येऊन पडली आहेत पण पार्सर (पानातून माहिती काढणारा कोड) किंवा पाइपलाइन (ती साठवणारा कोड) ती उपसत नाही. प्रक्रियेत असलेल्या उत्तरांचा आकार ५० लाख बाइटच्या वर गेला की स्क्रेपी स्वतःच नवं डाउनलोड थांबवते. शेड्युलरच्या मेमरीतल्या रांगेचा आकडा लाखांत असेल तर रॅम कुठे गेली ते कळलंच.

आणि टेलनेट जोडलंच जात नाही, कर्सर नुसता लुकलुकतो? तेही निदानच. रिअ‍ॅक्टर कुठेतरी अडकलाय. अशा वेळी बाहेरून 'पाय-स्पाय डम्प' चालवा. चालू प्रोसेसला हात न लावता ती कोणत्या ओळीवर उभी आहे ते दिसतं. कंटेनरमध्ये त्यासाठी पीट्रेसची (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्याची) परवानगी द्यावी लागते. दहा सेकंदांच्या अंतराने तीन डम्प घ्या. तिन्हींत तीच ओळ असेल तर गुन्हेगार सापडला.

मेमरी कुठे जाते

सगळ्यात मोठा वाटा बहुधा रांगेचा. एका पानात १०० लिंक आणि त्यातल्या ३० नव्या, म्हणजे दर पानामागे एक रिक्वेस्ट संपते आणि तीस येतात. यूआरएल, हेडर, मेटा (रिक्वेस्टला जोडलेली माहिती), कॉलबॅकचे (पान आल्यावर चालणाऱ्या फंक्शनचे) आर्ग्युमेंट धरून एक रिक्वेस्ट सहज एक-दोन केबी खाते. दहा लाख रिक्वेस्ट म्हणजे १ ते २ जीबी, तेही एकही पान साठवलेलं नसताना. उपाय एका ओळीचा आहे: 'जॉबडीर' सेटिंगला एक फोल्डर द्या, रांग डिस्कवर जाते. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काम तिथूनच पुढे जातं, हा वरचा फायदा.

पण इथे एक खाच आहे. डिस्कवर जायला रिक्वेस्ट पिकल व्हावी लागते, म्हणजे तिचे साठवता येणारे बाइट बनवता यायला हवेत. कॉलबॅक म्हणून लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) दिला असेल, किंवा मेटामध्ये डेटाबेसचं कनेक्शन, उघडी फाइल असं काही घातलं असेल, तर ती रिक्वेस्ट मुकाट्याने मेमरीतच राहते. फोल्डर दिलं तरी रॅम कमी होत नाही, अशी तक्रार असेल तर 'शेड्युलर डीबग' चालू करा, पिकल न झालेली पहिली रिक्वेस्ट लॉगमध्ये येते. कॉलबॅक स्पायडरची (तुम्ही लिहिलेल्या क्रॉलर क्लासची) मेथड असावी आणि मेटात फक्त साधी मूल्यं असावीत, एवढंच पथ्य. सुरुवातीच्या यूआरएलची पाच लाखांची यादी लिस्टमध्ये वाचून घेण्यापेक्षा फाइलमधून एकेक ओळ 'यील्ड' करा, हेही त्याच पथ्यात बसतं.

दुसरा वाटा पाहिलेल्या यूआरएलच्या नोंदीचा, आणि हा जॉबडीरनेही सुटत नाही. स्क्रेपी प्रत्येक रिक्वेस्टचा शा-१ ठसा (ठराविक लांबीची ओळखखूण) काढून ४० अक्षरी स्ट्रिंग म्हणून सेटमध्ये ठेवते. जॉबडीर दिलं तर ती यादी फाइलमध्येही लिहिली जाते, पण पुन्हा सुरू करताना अख्खी फाइल मेमरीत वाचली जाते. पायथनमध्ये ४० अक्षरी स्ट्रिंग आवृत्तीनुसार ८१ ते ८९ बाइट घेते, मेमरी वाटप धरून ९६. सेटचा स्वतःचा तक्ता वेगळा. एक कोटी यूआरएलचे मिळून सव्वा ते दीड जीबी. ४ जीबीच्या मशीनवर एवढ्यातच दम निघतो.

इथे ब्लूम फिल्टर कामी येतो. बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये मांडलेली रचना. यूआरएल न साठवता काही बिट चालू करायचे आणि पुढच्या वेळी ते सगळे चालू आहेत का, एवढंच बघायचं. १% चूक चालणार असेल तर दर यूआरएलला ९.६ बिट आणि ७ हॅश फंक्शन लागतात. एक कोटीला साधारण १२ एमबी. चूक ०.१% वर आणायची तर १४.४ बिट, म्हणजे १८ एमबी. दीड जीबीच्या जागी १८ एमबी! किंमत अशी की हजारात एखादं नवं पान 'हे पाहिलंय' म्हणून सुटून जातं. बातम्या, ब्लॉग, लेख यांच्या संग्रहाला हे चालतं. सरकारी निविदा किंवा दरपत्रक गोळा करत असाल, जिथे एकही पान सुटता कामा नये, तिथे ब्लूम एकटा वापरू नका. तो पुढे ठेवा आणि त्याने 'पाहिलंय' म्हटलं तरच डिस्कवरच्या डेटाबेसला विचारा. आणि फिल्टरचा आकार सुरुवातीलाच अंदाजाने ठरवावा लागतो हे लक्षात असू द्या. एक कोटीसाठी बांधलेल्या फिल्टरमध्ये तीन कोटी कोंबले तर चुकीचं प्रमाण झपाट्याने वाढतं, क्रॉलर भराभर 'संपतो', आणि सगळं झालं असं वाटतं.

तिसरा वाटा खऱ्या गळतीचा. टेलनेटमध्ये 'प्रेफ्स' चालवलं की जिवंत ऑब्जेक्ट आणि त्यातला सर्वांत जुना किती सेकंदांपूर्वीचा ते दिसतं. एचटीएमएल रिस्पॉन्स १५-२० असणं ठीक. ४,००० दिसत असतील आणि सर्वांत जुना तासापूर्वीचा असेल, तर कुणीतरी त्यांना धरून ठेवलंय. नेहमीचे संशयित तीन.

पहिला: पुढच्या रिक्वेस्टच्या मेटात अख्खा रिस्पॉन्स (आलेलं पान) किंवा सिलेक्टर (पानातला भाग निवडणारा ऑब्जेक्ट) पाठवणं. यादीच्या पानावरून तपशिलाच्या पानाला शीर्षक न्यायचं असतं आणि आळसाने सगळा रिस्पॉन्सच दिला जातो. मग तपशिलाची पन्नास पानं रांगेत असेपर्यंत यादीचं पान मरत नाही. हवी ती दोन-तीन मूल्यं काढून तेवढीच 'सीबी क्वार्ग्ज'मध्ये (कॉलबॅकच्या आर्ग्युमेंटमध्ये) द्या.

दुसरा: ब्युटिफुलसूप ही एचटीएमएल वाचणारी लायब्ररी. 'टॅग डॉट स्ट्रिंग' ने मिळतं ते साध्या स्ट्रिंगसारखं दिसतं, छापलं जातं, जुळवलंही जातं. पण ती नॅव्हिगेबल स्ट्रिंग असते आणि तिला आपला पालक टॅग ठाऊक असतो. पालकाला त्याचा पालक, असं करत अख्खं झाड. अशी वीस अक्षरांची शीर्षकं लिस्टमध्ये जमवली तर प्रत्येक शीर्षकामागे एक पूर्ण पान मेमरीत लटकलेलं राहतं. बाहेर काढताना 'एसटीआर' मध्ये गुंडाळा. दोन कंस वाढतात, बाकी काही नाही.

तिसरा: थेट एलएक्सएमएल ही पार्सर लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी. एक्सपाथने (पानातला भाग शोधायच्या भाषेने) मिळणारी स्ट्रिंग मुळात 'स्मार्ट' असते, म्हणजे तिलाही पालक ठाऊक. एक्सपाथ चालवताना 'स्मार्ट स्ट्रिंग्ज' फॉल्स करा. स्क्रेपीचा स्वतःचा सिलेक्टर हे आधीच करतो, त्यामुळे तिथे काळजी नाही.

आता एक गोष्ट मराठी किंवा कुठलीही भारतीय भाषेतली पानं गोळा करणाऱ्यांसाठी, जी सहसा लक्षातच येत नाही. ३.३ आवृत्तीपासून पायथन प्रत्येक स्ट्रिंगची रुंदी तिच्यातल्या सर्वांत 'मोठ्या' अक्षरावरून ठरवतं. निव्वळ इंग्रजी पान: अक्षरामागे १ बाइट. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं की सगळ्या पानाला २ बाइट. आणि तळटिपेत कुणी एक इमोजी टाकला की सगळ्या पानाला ४. एखाद्या वृत्तसंकेतस्थळाचं पान ३ लाख अक्षरांचं असतं, त्यातला मजकूर जेमतेम दहा हजार, बाकी टॅग आणि जावास्क्रिप्ट. तेच पान एका इमोजीपायी १२ लाख बाइट होतं. वर मूळ बाइट वेगळे, पार्स झालेलं झाड वेगळं. उपाय: स्वतःचा पार्सर असेल तर त्याला डीकोड केलेली स्ट्रिंग न देता कच्चे बाइट आणि एन्कोडिंगचं नाव द्या. स्क्रेपीत पानाची 'टेक्स्ट' स्ट्रिंग पाइपलाइनपर्यंत नेऊ नका. मूळ पान साठवायचंच असेल तर बॉडीचे बाइट जीझिप करून लगेच डिस्कवर उतरवा.

अवाढव्य फाइलींचं थोडक्यात: स्क्रेपीची कमाल डाउनलोड मर्यादा मुळात १ जीबी आहे, ती ५ एमबीवर आणा. लिंकमधून पीडीएफ, झिप, व्हिडिओ वगळा, पण नुसत्या एक्स्टेन्शनवर विसंबू नका, कारण सरकारी साइटवर पीडीएफची लिंक 'डाउनलोड डॉट पीएचपी' असू शकते. आकाराची मर्यादा तिथेच वाचवते.

हे सगळं करूनही 'प्रेफ्स'चे आकडे शांत आणि रॅम मात्र उतरत नाही, असं होतं. ती गळती नव्हे. पायथनने मोकळी केलेली जागा तुकड्यातुकड्यांनी पडून असते आणि ती सिस्टिमला परत जात नाही. थ्रेडवर चालणाऱ्या क्रॉलरला 'मॅलॉक अरीना मॅक्स' २ ठेवून बराच फरक पडतो, कारण ६४ बिट लिनक्सवर ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) कोअरमागे ८ पर्यंत अरीना (मेमरीचे वेगळे साठे) उघडते. एका थ्रेडच्या स्क्रेपीला त्याचा उपयोग कमी, तिथे जेमॅलॉक ही मेमरी वाटणारी पर्यायी लायब्ररी प्रीलोड करून बघा. तरीही चढ राहिला तर 'मेमयूसेज लिमिट' ३,००० एमबी ठेवा आणि जॉबडीर चालू ठेवा. मग मर्यादा गाठली की क्रॉलर रांग डिस्कवर ठेवून सभ्यपणे बंद होतो आणि सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सांभाळणारा प्रोग्राम) त्याला पुन्हा उठवते. क्रॉनमधून किल करण्यापेक्षा हा रीस्टार्ट केव्हाही बरा, कारण किल-९ ने अर्धवट लिहिलेली रांग खराब होते.

वाट बघण्यात जाणारा वेळ

हळूहळू मंदावत जाणाऱ्या, पण मेमरी ठीक असलेल्या क्रॉलरचं कारण बहुधा टाइमआउट. मूळ किंमत १८० सेकंद आहे. त्यावर दोन रीट्राय. म्हणजे मेलेल्या साइटची एक लिंक ३ × १८० = ५४० सेकंद, नऊ मिनिटं, खाते. जिवंत साइटच्या रिक्वेस्ट भराभर संपतात आणि सोळा जागांमध्ये मेलेल्यांची गर्दी होत जाते. सोळाच्या सोळा अडकल्या की वेग जवळजवळ शून्य, सीपीयू झोपलेला, लॉगमध्ये काहीच चूक नाही. अनेक साइटवर फिरणाऱ्या क्रॉलरला टाइमआउट १५ सेकंद, रीट्राय शून्य किंवा एक. ज्या साइटवर लागोपाठ पाच टाइमआउट आले ती तासभर बाजूला ठेवणारी छोटी मिडलवेअर (रिक्वेस्ट आणि उत्तर यांच्या मधे बसणारा कोड) लिहा, पंचवीस ओळींचं काम आहे.

त्याच जोडीला 'शेड्युलर प्रायॉरिटी क्यू' 'डाउनलोडर अवेअर' प्रकारची आहे ना ते बघा, नसेल तर तो लावा. साध्या रांगेत एका साइटच्या पाचशे लिंक ओळीने आल्या तर आठ चालतात आणि बाकीच्या जागा अडवून बसतात. हा प्रकार ज्या साइटवर सध्या कमी ओझं आहे तिची रिक्वेस्ट आधी काढतो. मग एकूण कॉन्करन्सी १०० पर्यंत नेण्यात अर्थ आहे. एकाच साइटसाठी मात्र नाही.

कारण एका साइटवर कॉन्करन्सी वाढवली की काय होतं ते वरच्याच हिशेबात दिसतं. तिचा सर्व्हर सेकंदाला १० पानंच बनवू शकत असेल, तर ८ च्या ३२ केल्यावर पानं १० च येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ ०.८ वरून ३.२ सेकंद होतो. वेग तोच, चालू रिक्वेस्टची रॅम चौपट, शिवाय समोरच्याची साइट त्याच्या वाचकांसाठी ठप्प. पुढची पायरी ४२९ ('फार मागण्या झाल्या' सांगणारा कोड), त्यानंतर बंदी. ऑटोथ्रॉटल चालू ठेवा. ते उत्तराच्या वेळेवरून विश्रांती कमी-जास्त करतं. उत्तरात 'रीट्राय-आफ्टर' असेल तर तेवढं थांबायचंच. रोबॉट्स फाइलमधली (साइटमालकाने क्रॉलरसाठी लिहिलेल्या नियमांतली) 'क्रॉल-डिले' ही ओळ २०२२ च्या आरएफसी ९३०९ मानकात नाही, पण मालकाने लिहिली असेल तर डाउनलोड डिले तेवढी ठेवा. त्याच मानकानुसार रोबॉट्स फाइल २४ तासांपेक्षा जास्त जुनी वापरू नये, आणि ती मागताना ५०० च्या घरातली चूक आली तर सगळी साइट बंद समजायची. '४०४ आला म्हणजे मोकळं, ५०३ आला म्हणजेही मोकळं' असं धरणारे हाताने लिहिलेले क्रॉलर बरेच आहेत. दुसरं गृहीतक चूक आहे.

रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असाल आणि दर वेळी नुसतं 'रिक्वेस्ट्स डॉट गेट' लिहित असाल, तर प्रत्येक पानाला नवं कनेक्शन उघडतंय. टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.३ ची एक (१.२ असेल तर दोन), मग प्रत्यक्ष पानाची एक. पुण्याहून अमेरिकेतल्या सर्व्हरला एक फेरी २०० मिलिसेकंद धरा: ६०० पैकी ४०० मिलिसेकंद नुसत्या नमस्कार-चमत्कारात. सेशन वापरा, कनेक्शन टिकून राहतं. थ्रेड १० पेक्षा जास्त असतील तर अ‍ॅडॉप्टरचा पूल आकारही वाढवा, मूळ १० आहे. नाहीतर जादा कनेक्शन वापरून फेकून दिली जातात आणि लॉगमध्ये 'कनेक्शन पूल इज फुल' येत राहतं. एआयओएचटीटीपीमध्ये प्रत्येक फंक्शनमध्ये नवं सेशन उघडणं ही तीच चूक. स्क्रेपी हे आपोआप सांभाळते.

डीएनएस (डोमेनच्या नावावरून पत्ता शोधणं) हे लपलेलं कारण. अनेक डोमेनवर फिरताना नाव शोधणं थ्रेडपूलमध्ये होतं. स्क्रेपीत तो १० थ्रेडचा, असिंकआयओत (एआयओएचटीटीपी त्यावर चालतं) कोअर अधिक ४, म्हणजे दोन कोअरवर फक्त ६. सहा मेलेली डोमेन आली की सगळे त्यांच्या मागे उभे. स्क्रेपीत रिअ‍ॅक्टर थ्रेडपूल २० करा आणि मशीनवरच अनबाउंडसारखा कॅश ठेवणारा रिझॉल्व्हर बसवा. क्रॉलर कुबरनेटीसमध्ये (कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेत) असेल तर 'एनडॉट्स' बघा. तिथे ५ असतो, त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक नावासाठी आधी क्लस्टरची तीन-चार शेपटं लावून विचारणा होते आणि मग खरी. पॉडच्या सेटिंगमध्ये तो १ किंवा २ करा.

'टू मेनी ओपन फाइल्स' आला तर 'यूलिमिट' १,०२४ आहे, ती वाढवा. पण आकडा वाढवण्याआधी 'एसएस' कमांड चालवून 'क्लोज-वेट' अवस्थेतली (समोरच्याने बंद केलेली, आपण न केलेली) कनेक्शन मोजा. शेकड्यांनी असतील तर तुमचा कोड उत्तर पूर्ण न वाचता, बंद न करता सोडून देतोय, आणि मर्यादा वाढवून फक्त उशिरा पडेल.

सीपीयू भरलाय

ब्युटिफुलसूपला पार्सर म्हणून 'एचटीएमएल डॉट पार्सर' दिला असेल तर तो 'एलएक्सएमएल' करा. त्याहून वेग हवा तर ब्युटिफुलसूप सोडून थेट एलएक्सएमएल किंवा सिलेक्टोलॅक्स. पानातून पाच गोष्टी काढायच्या असताना पान पाच वेळा पार्स करणारा कोडही दिसतो, एकदाच करा.

अख्ख्या पानावर चालवलेले रेग्युलर एक्स्प्रेशन धोकादायक. एकात एक असलेले 'कितीही वेळा'चे गट आणि शेवटी न जुळणारं काही असलं की एक्स्प्रेशन मागे-पुढे जात अडकतं, आणि एक थ्रेडचा रिअ‍ॅक्टर त्याच्यासोबत. शेकडो पानं ठीक जातात, एक पान दहा मिनिटं घेतं. 'पाय-स्पाय'च्या तिन्ही डम्पमध्ये तीच ओळ दिसते ती बहुधा हीच. आधी सिलेक्टरने छोटा तुकडा काढा, एक्स्प्रेशन त्यावर चालवा.

कॉलबॅकमध्ये किंवा पाइपलाइनमध्ये 'टाइम डॉट स्लीप' किंवा 'रिक्वेस्ट्स डॉट गेट' लिहिलं तर सगळा क्रॉलर तेवढा वेळ थांबतो. 'साइटला त्रास नको म्हणून' एक सेकंदाचा स्लीप घातला की कॉन्करन्सी कितीही ठेवा, सेकंदाला एकच पान. थांबायचं तर डाउनलोड डिले आहे. डेटाबेसचंही तसंच: प्रत्येक ओळीला कमिट म्हणजे प्रत्येक ओळीला डिस्कची वाट. ५०० ओळी जमवून एकदम घाला, एसक्यूलाइट असेल तर वॉल (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिणारा) मोड लावा, आणि स्पायडर बंद होताना उरलेल्या ओळी लिहायला विसरू नका. शेवटच्या तीन-चारशे नोंदी गायब होतात त्या यामुळेच. लॉगची पातळी 'इन्फो' करा. 'डीबग'मध्ये प्रत्येक आयटम अख्खा छापला जातो.

इतकं करूनही कोअर भरलेलाच असेल तर मग डोमेनच्या हॅशवरून वाटणी करून दोन प्रोसेस चालवा. डोमेनवरूनच, यूआरएलवरून नको. नाहीतर एकाच साइटवर दोघे तुटून पडतात.

न मागवलेलं पान

वरच्या सगळ्या उपायांनी मिळून जितकं वाचतं, त्याहून जास्त अनेकदा इथे वाचतं. दहा हजार यूआरएल घ्या, प्रश्नचिन्हानंतरचा भाग कापा आणि किती वेगळी उरतात ते मोजा. दोन हजार उरली तर तुमचा क्रॉलर पाचपैकी चार वेळा तेच पान आणतोय. दुकानाच्या साइटवर रंग, किंमत, क्रम यांची सरमिसळ. ब्लॉगवर 'रिप्लाय टू कॉम'. कार्यक्रमांच्या साइटवर 'पुढचा महिना' ही लिंक, जी २०९९ पर्यंत निवांत नेते. स्क्रेपी ठसा काढताना पॅरामीटरचा क्रम लावते, शेवटचा # चिन्हापुढचा भाग टाकते, पर्सेंट कोडमधली लहान-मोठी अक्षरं सारखी करते. पण 'यूटीएम', 'एफबीक्लिड', 'जीक्लिड' अशी जाहिरातींचा माग ठेवणारी शेपटं लागली की तिच्या दृष्टीने वेगळं पान. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, शेवटची तिरकी रेघ असलेलं आणि नसलेलं, हेही वेगळं. हे कापणारा स्वतःचा फिंगरप्रिंटर (ठसा काढणारा कोड) लिहा आणि खोलीची, म्हणजे लिंकमागून लिंक किती आत जायचं त्याची, मर्यादा ८-१० ठेवा.

मराठी यूआरएलची वेगळी गंमत. एका देवनागरी चिन्हाचे ३ बाइट, पर्सेंट कोडमध्ये ९ अक्षरं. 'मराठी' या शब्दातली पाच चिन्हं ४५ अक्षरांची होतात. साठ चिन्हांचा मथळा यूआरएलमध्ये ५४० अक्षरं घेतो. अशा दहा लाख यूआरएल रांगेत म्हणजे अर्धा जीबी नुसत्या पत्त्यांचा. त्यावरून फाइलचं नाव ठेवायला गेलात तर लिनक्सची २५५ बाइटची मर्यादा २८ चिन्हांतच संपते, म्हणून फाइलला ठशाचंच नाव द्या. शिवाय 'ऱ' हे अक्षर दोन प्रकारे लिहिलं जातं: एकसंध, किंवा र आणि खाली नुक्ता. डोळ्याला 'शेतकऱ्यांना' एकच दिसतं, ठसे दोन. युनिकोडचं एनएफसी (अक्षर एकाच ठरलेल्या प्रकारे लिहिणारं) रूप केलं की दोन्ही एक होतात. मात्र र, हलन्त आणि अदृश्य जोडक वापरून केलेला तिसरा प्रकार एनएफसीने जुळत नाही, तो वेगळाच राहतो. आणि हे रूपांतर फक्त ठसा काढण्यापुरतं करा. प्रत्यक्ष मागणी मूळ यूआरएलनेच, कारण साइटच्या डेटाबेसमध्ये नुक्त्याचं रूप असेल तर तुमचं शुद्ध रूप ४०४ आणेल.

रोज तीच साइट बघत असाल तर दर वेळी सगळं आणू नका. साइटमॅपमध्ये 'लास्टमॉड' असेल तर बदललेलीच पानं घ्या. एका साइटमॅप फाइलमध्ये ५०,००० यूआरएलपर्यंत असतात, म्हणजे एका फाइलीत बहुतेक छोटी साइट येते. काही साइट रोज सगळ्या पानांना आजचीच तारीख लावतात, तेव्हा आधी शंभर पानांवर पडताळा. ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) किंवा 'लास्ट मॉडिफाइड' साठवून पुढच्या वेळी ते पाठवलं तर न बदललेल्या पानाला ३०४ येतो, मजकूर येतच नाही. स्क्रेपीच्या कॅशमध्ये त्यासाठी आरएफसी २६१६ धोरण निवडावं लागतं; मूळ धोरण एकदा आणलेलं पान कधीच ताजं करत नाही, आणि 'क्रॉलर एकदम सुसाट झालाय' असं वाटतं कारण तो नेटवर गेलेलाच नसतो! ती कॅश फाइलींमध्ये ठेवली तर एका पानामागे ६ फाइली होतात. दहा लाख पानांच्या साठ लाख. डिस्क अर्धी रिकामी असताना 'नो स्पेस लेफ्ट' आलं तर 'डीएफ'मध्ये आयनोड (किती फाइली ठेवता येतात तो हिशेब) बघा. कॅशचा डीबीएम प्रकार वापरा.

हेडलेस (खिडकी न उघडता चालणारा) ब्राउझर शेवटचा पर्याय. जावास्क्रिप्टने भरणाऱ्या पानामागे बहुधा एक जेसन विनंती असते. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ती शोधा आणि थेट मागवा. ब्राउझर लागलाच तर चित्रं, फॉन्ट, मीडिया अडवा, प्रत्येक कामानंतर पेज आणि कॉन्टेक्स्ट दोन्ही बंद करा, आणि काही शे पानांनी ब्राउझर नव्याने उघडा. डॉकरमध्ये 'शेअर्ड मेमरी' मुळात ६४ एमबी असते, क्रोमियम त्यात गुदमरतं. कंटेनरला १ जीबी द्या. मागे उरलेल्या झोम्बी प्रोसेससाठी कंटेनर 'इनिट' पर्यायाने सुरू करा.

बदल एकावेळी एकच करा आणि त्याच ५,००० यूआरएलची गोठवलेली यादी कॅश बंद ठेवून दर वेळी चालवा. मिनिटाची पानं, दर हजार पानांनंतरची रॅम आणि टाइमआउटची संख्या, एवढे तीन आकडे लिहून ठेवा. दोन हजाराव्या आणि पाच हजाराव्या पानाच्या रॅममध्ये ३० एमबीचा फरक असेल, तर पानामागे १० केबी साठतंय. दहा लाख पानांना ते १० जीबी होईल. १ केबीच्या आत आला की रात्री झोपायला हरकत नाही.